हिरवळीवरची बैठक

शिकागोत राहून तुम्ही मिलेनियम पार्कात फक्त पाहुण्यांना ‘बीन’ दाखवायला जात असाल, तर एखाद्या उन्हाळी संध्याकाळी सतरंजी आणि डबा घेऊन शेजारच्या प्रित्झकर पॅव्हेलियनला जा. ग्रँट पार्क संगीत महोत्सव १९३५पासून लोकांना विनामूल्य वाद्यवृंद ऐकवतो आहे. फ्रँक गेरींनी रचलेला हा मंच २००४चा. हिरवळीवर पोलादी नळ्यांची जाळी आहे. तिला टांगलेल्या ध्वनिक्षेपकांमुळे मागे बसलेल्यालाही सूर नीट पोचतात.

तक्रार आहेच. व्हायोलिनं अगदी हळुवार होतात, तेव्हाच मिशिगन अव्हेन्यूवर सायरन वाजतो. शेजारच्या गप्पाही थांबत नाहीत. बारकावे ऐकायचे तर बंद सभागृहच हवं. पण सवाई गंधर्वच्या मांडवात भारतीय बैठकीवर बसलेल्यांना असा गलबला नवा नाही. इथे हिरवळीवर तिकीट नाही, पोशाखाची अट नाही, आणि सिंफनीतलं काही कळत नसलं तरी कुणी हटकत नाही.

मंडळाच्या कार्यक्रमात आपण आपल्या माणसांना भेटतो. इथे आपल्या शहराला. मला हे उमगायला बारा उन्हाळे लागले. तुम्ही इतके थांबू नका.