घाणेकर, काशिनाथ

(१४ सप्टेंबर १९३०–२ मार्च १९८६). मराठी रंगभूमी व चित्रपट यांवरील लोकप्रिय अभिनेते. जन्म चिपळूण येथे. शिक्षणाने दंतवैद्य, तथापि नाटकाच्या ओढीने त्यांनी तो व्यवसाय मागे टाकला. वसंत कानेटकरांच्या रायगडाला जेव्हा जाग येते (१९६२) या नाटकातील संभाजीच्या भूमिकेने ते प्रसिद्धीस आले. कानेटकरांच्याच अश्रूंची झाली फुले मधील उनाड विद्यार्थी लाल्या आणि श्री. ना. पेंडसे यांच्या गारंबीचा बापू मधील बापू या त्यांच्या अन्य गाजलेल्या भूमिका.

या तिन्ही व्यक्तिरेखा रूढ चौकटीत न मावणाऱ्या व आपल्याच माणसांकडून दुखावलेल्या आहेत. उद्धटपणाआडचे हे दुखावलेपण प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणे, हे घाणेकरांच्या अभिनयाचे खरे सामर्थ्य होय. देखणे रूप व घारे डोळे यांची त्यास जोड मिळाली. श्रेयनामावलीत अखेरीस ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ अशी घोषणा होताच प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट होई. या प्रतिसादाने त्यांचा अभिनय फुलला. पुढे त्याच लकबींच्या मागणीने तो साचेबंदही झाला.

मराठा तितुका मेळवावा, पाठलाग (दोन्ही १९६४) व मधुचंद्र (१९६७) हे त्यांचे उल्लेखनीय चित्रपट. हिंदीत दादी माँ (१९६६) व अभिलाषा (१९६८) यांत त्यांनी कामे केली. अश्रूंची झाली फुले वर १९६९ साली हिंदी चित्रपट निघाला, त्यात मात्र लाल्याची भूमिका देब मुखर्जी यांच्याकडे गेली. समोरच्या प्रेक्षकांच्या श्वासावर जगणारा हा नट कॅमेऱ्यापुढे तितका प्रभावी ठरला नाही.

त्यांचे खासगी जीवन अस्वस्थ होते. पहिला विवाह मोडल्यानंतर त्यांनी अभिनेत्री सुलोचना यांच्या कन्या कांचन यांच्याशी विवाह केला. मद्यासक्तीने त्यांची प्रकृती व कारकीर्द या दोहोंची हानी झाली. नाट्यदौऱ्यावर असताना अमरावती येथे त्यांचे निधन झाले. कांचन घाणेकर यांच्या नाथ हा माझा या आत्मकथनात या सहजीवनाचे निःसंकोच चित्रण आहे. आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर (२०१८) या चरित्रपटाने ही कथा नव्या पिढीपर्यंत नेली.

ठाणे महानगरपालिकेच्या एका नाट्यगृहास घाणेकरांचे नाव आहे. त्याच शहरातील गडकरी रंगायतन व शेजारच्या कल्याणातील आचार्य अत्रे रंगमंदिर ही नाटककारांची स्मारके. हे मात्र नटाचे. नाटककाराची संहिता उरते, नटाचा प्रयोग पडद्याबरोबर संपतो. म्हणूनच घाणेकरांबाबत कलेपेक्षा व्यसनाच्या व प्रेमाच्या आख्यायिकाच अधिक सांगितल्या जातात, आणि बेबंदपणा हेच प्रतिभेचे लक्षण मानले जाते. हा समज त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. संभाजी व लाल्या त्यांच्या बेशिस्तीतून नव्हे, तर भूमिकेशी तादात्म्य पावण्याच्या सामर्थ्यातून उभे राहिले. बेशिस्तीने त्या सामर्थ्याचे आयुष्य तेवढे कमी केले.