निवडुंगाची साक्ष : निर्वासित कुटुंबाचा इतिहास आणि निसर्गकविता

मराठी काव्यविचारात निसर्गकविता आणि सामाजिक कविता हे दोन कप्पे दीर्घकाळ रूढ आहेत. बालकवींची कविता पहिल्या कप्प्यात ठेवली जाते. स्थलांतर, बेघरपण, सत्ता यांविषयीची कविता दुसऱ्यात. अध्यापनाच्या सोयीपुरती ही विभागणी चालून जाते. मात्र ज्या कवितेत एखाद्या झाडाचे नाव हेच कुटुंबाच्या परागंदा होण्याचे दप्तर असते, त्या कवितेपुढे ती निरुपयोगी ठरते. निर्वासित कुटुंबाच्या कवितेत निसर्ग साक्षीदाराच्या भूमिकेत येतो. ही साक्ष कोणाच्या बाजूची, हे मात्र आधीच ठरलेले नसते. आणि कवितेचे मोल या अनिश्चिततेला ती कशी सामोरी जाते यावर अवलंबून असते. महमूद दरवीश आणि जीवनानंद दास या दोन कवींच्या आधारे हा मुद्दा तपासता येतो.

दरवीश यांचा जन्म १९४१ मध्ये गॅलिलीतील अल-बिरवा या गावी झाला. १९४८ च्या युद्धात कुटुंब लेबनॉनमध्ये गेले आणि सुमारे वर्षभराने गुपचूप परतले, तेव्हा गाव उद्ध्वस्त झालेले होते. नव्या राज्याच्या कायद्याने या कुटुंबाची गणना ‘उपस्थित-अनुपस्थित’ अशा विचित्र वर्गात केली : देह देशात, मालकी मात्र रद्द. या अनुभवाला दरवीश यांनी सलग कौटुंबिक आख्यानाचे रूप दिले ते १९९५ च्या संग्रहात. घोड्याला एकटे का सोडले, हा मुलाने बापाला विचारलेला प्रश्न हेच त्या संग्रहाचे शीर्षक आहे. प्रकाशनाचा काळही लक्षात घ्यावा लागतो. १९९३ च्या ऑस्लो कराराने निर्वासितांचा प्रश्न पुढच्या वाटाघाटींवर सोपवला होता आणि त्याच वर्षी दरवीश पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या कार्यकारी समितीतून बाहेर पडले होते. राजकारणाने जे लांबणीवर टाकले, त्याची नोंद कवितेने घरातल्या संभाषणातून केली.

‘निवडुंगाचे चिरंतनत्व’ अशा अर्थाचे शीर्षक असलेली या संग्रहातील कविता या दृष्टीने मध्यवर्ती आहे. बाप आणि मुलगा गाव सोडून निघाले आहेत. मुलगा विचारतो, बाप उत्तरे देतो. चालता चालता तो किल्ली जागेवर असल्याची खात्री करून घेतो. ज्या निवडुंगाजवळून ते जातात, त्याच्या काट्यांवर ब्रिटिशांनी आपला छळ केला होता, हे बाप मुलाला सांगतो. बोनापार्टच्या सैन्याचा तळही याच परिसरात पडला होता. वनस्पतीची ओळख, जुलमाची आठवण आणि भूगोल हे सारे एकाच बोलण्यातून पुढच्या पिढीकडे जाते. घोडा घराला सोबत म्हणून मागे ठेवला आहे, या उत्तरात तर प्राणी हा कुटुंबाचा प्रतिनिधीच होतो. निसर्गाचे ज्ञान येथे नात्यातून मिळते. बापाचा आवाज वगळला तर निवडुंग हे केवळ कुंपण उरते.

निवडुंगाच्या निवडीला वस्तुस्थितीचा आधार आहे. पॅलेस्टिनी गावांत फड्या निवडुंगाची कुंपणे असत. घरे पाडली गेली, पण मुळे पुन्हा फुटत राहिली. अनेक ठिकाणी गावाची जुनी हद्द आज याच झुडपांवरून ओळखू येते. अरबीत निवडुंगाचे नाव आणि धीर या अर्थाचा ‘सब्र’ हे शब्द एकाच धातूचे आहेत. मराठीत फारसीमार्गे आलेली ‘सबुरी’ही त्याच कुळातली, त्यामुळे शीर्षकातील श्लेष मराठी वाचकाला अगदीच परका नाही.

तथापि साक्षीदार येथेच उलटतो. हिब्रूत याच वनस्पतीच्या नावावरून त्या भूमीत जन्मलेल्या ज्यू माणसाला संबोधले जाते. म्हणजे एकच झुडूप एकासाठी गमावलेल्या गावाची खूण, तर दुसऱ्यासाठी भूमिपुत्रत्वाची. शिवाय दख्खनच्या बांधांवरील त्याच्या भाईबंदांप्रमाणे ते मुळात अमेरिका खंडातून आलेले, स्वतःच स्थलांतरित. वनस्पतीवरून मूळ हक्क सिद्ध करू पाहणाऱ्या कवितेला ही माहिती अडचणीची ठरेल. दरवीश यांची कविता मात्र बचावते, कारण तिचा दावा झाडाच्या मूळस्थानावर उभा नाही. त्या काट्यांशी एका माणसाचा देह कसा जोडला गेला, एवढेच ती सांगते, आणि तेवढे पुसता येत नाही.

जीवनानंदांचे उदाहरण नेमके उलट दिशेचे आहे. ‘रूपसी बांगला’मधील कविता १९३४ च्या सुमारास लिहिल्या गेल्या आणि कवीच्या मृत्यूनंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दरम्यान फाळणी झाली, कवीचे बारिसाल पूर्व पाकिस्तानात गेले आणि कवी कोलकात्यात राहिला. धानसिडी नदी, हिजलाची झाडे, शालिक पक्षी यांनी गजबजलेल्या या कवितांत निर्वासित कुठेच नाही. वंशपरंपरेची जागा येथे पित्याऐवजी बेहुलेसारख्या लोककथेतील पात्रांनी घेतली आहे. तरीही परतून येण्याची त्यातील आस फाळणीनंतरच्या वाचनात वेगळीच झाली. दरवीश यांच्याकडे हानी आधी आणि कविता नंतर. येथे कविता आधी आणि हानी नंतर. पहिल्या ठिकाणी निसर्गाला इतिहास कुटुंब देते, दुसऱ्या ठिकाणी वाचकसमूह. या दोहोंना ‘स्मरणरंजन’ या एकाच शब्दात गुंडाळणे म्हणजे मूळ भेदच गमावणे होय.

मराठीपुरता या विवेचनाचा अर्थ काय, हे ठरवताना शब्द जपून वापरावे लागतात. निर्वासित, विस्थापित आणि प्रकल्पग्रस्त या संज्ञा समानार्थी नाहीत. कोयना वा उजनीच्या धरणांनी उठवलेली माणसे आपल्याच राज्यात आणि भाषेत राहिली. सीमेपलीकडे गेलेल्याचे अनाथपण त्यांच्या वाट्याला आले नाही. पण साक्षीचा प्रश्न त्यांच्यापुढेही आहे. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. गावाच्या नावातला पळस कोणी कोणाला दाखवला होता, हे मात्र दगड सांगत नाहीत. ते सांगणारी कविता हाती आली, तर तिला निसर्गकवितेच्या वा सामाजिक कवितेच्या कप्प्यात टाकण्यापूर्वी तीन गोष्टी विचारायला हव्यात : झाडाचे नाव कवीला कोणाकडून मिळाले, त्याच झाडावरचा दुसऱ्याचा हक्क कविता ओळखते काय, आणि हानी कवितेच्या आधीची की नंतरची. तौलनिक अभ्यासाने मराठी समीक्षेला द्यायचे ते हे प्रश्न.