कुमार गंधर्वांचे मौन

कुमार गंधर्वांच्या गायकीविषयी बोलणे निघाले की बोलणारा हटकून त्यांच्या फुप्फुसापाशी येऊन थांबतो. एक फुप्फुस निकामी झाले, दम पुरेना, म्हणून गाणे तुकड्यातुकड्यांनी आले, असा हा सिद्धान्त. समजावयास सोपा, म्हणून लोकप्रिय. आम्हांस तो अपुरा वाटतो.

बेळगावनजीकच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी (जन्म १९२४) बालवयातच ‘कुमार गंधर्व’ म्हणून गाजले, ते थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत म्हणून. मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांनी त्या नकलेतून विचार करणारा गवई घडविला. १९४७ साली विवाह झाला आणि लागलीच क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ मध्ये ते देवासला आले. गाण्यास सक्त मनाई; ती सुमारे पाच वर्षे टिकली.

इंदूरहून उज्जैनला जाताना सांवेर लागते. तेथील उलट्या हनुमानाच्या दर्शनास गेलेल्या वाचकांस हा मुलूख ठाऊक असेल. त्याच्या सरळ पूर्वेस देवास. या भागात लग्नकार्यात, सणावारी, पावसाळ्यात बायका गातात. नाथपंथी जोगी एकतारीवर निर्गुण भजने म्हणत दारोदार फिरतात. आजाऱ्यास गाण्याची बंदी होती, ऐकण्याची नव्हती. चार-पाच स्वरांतच फिरणाऱ्या त्या धुनांत रागाचे बीज आहे, हे कुमारांनी अंथरुणावरून ओळखले. मालवती, लगनगंधार, संजारी हे त्यांचे ‘धुनउगम’ राग त्यातूनच निघाले. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले, ते निराळेच गायक होऊन. नुसता दम अपुरा असता तर स्वर जपून, दबकत निघाला असता. येथे तो तार षड्जावर बाणासारखा सुटतो, मध्येच तुटतो, आणि काही क्षण केवळ तंबोरे बोलत राहतात. श्वासाने तानेची लांबी ठरत असेल. ती नेमकी कोठे तोडावी हे श्वास ठरवीत नाही. ही फेक जोग्यांच्या भजनातील आहे.

आमच्या देवळांतले भजन सगुणाचे, टाळमृदंगाचे, समुदायाचे. कुमारांचा कबीर एकट्याचा आहे. त्यास गोड करून सांगण्याची खटपट नाही, म्हणून सवय नसलेल्या कानास तो प्रथम रुक्ष वाटण्याचा संभव आहे. दुसऱ्यांदा ऐकावा.

उणे नाही असे मात्र नाही. इंदूरचे म्हणून ओळखले गेलेले उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झुमऱ्यात एकेका स्वरावर किती रेंगाळत! कुमारांपाशी तेवढा धीर नव्हता. गंभीर प्रकृतीच्या रागांत त्यांचे तुकडे आम्हांस कधी कधी खटकतात. त्यांच्या अनुकरणकर्त्यांचे तर विचारूच नये. त्यांनी थांबणे तेवढे उचलले. कशासाठी थांबावयाचे, ते राहून गेले.

१९९२ साली देवासलाच कुमार निवर्तले. १९६५ मध्ये त्यांनी बालगंधर्वांच्या पदांचा कार्यक्रम केला, तेव्हा लहानपणीची नक्कल त्यांस सहज साधली असती. त्यांनी नाव ठेवले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्वांचाच गळा पुन्हा ऐकू येईल अशा आशेने जो ते ध्वनिमुद्रण लावील, त्याची निराशा होईल.