नकाशाला दिलेली ओढ

आपण वर्धा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवू या. उत्तरेला आष्टी-कारंजा भागात सातपुड्याच्या शाखांनी उंचसखल झालेली भूमी, दक्षिणेला हिंगणघाट-समुद्रपूरकडची काळी, पसरट कापूसजमीन. आणि सकाळी ८.३० ला पर्जन्यमापकात मोजला जाणारा मागच्या २४ तासांचा पाऊस. सपाटीवर वीस किलोमीटर अंतरावरची दोन गावे बहुधा बरोबरच भिजतील. डोंगरात मात्र तेवढ्याच अंतरावर एकीकडे ओढा दुथडी वाहावा आणि दुसरीकडे धूळही बसू नये, असे घडू शकते. म्हणजे पावसाचे सख्य नुसत्या किलोमीटरांत सांगता येत नाही, ते जागेजागेवर बदलते. संख्याशास्त्रात याला अस्थायी यादृच्छिक क्षेत्र म्हणता येईल, आणि अंतरावर विसंबलेली सगळी सुटसुटीत सूत्रे इथे अडखळतात.

१९९२ मध्ये पॉल सॅम्पसन आणि पीटर गटॉर्प या संख्याशास्त्रज्ञांनी या पेचावर जो उपाय मांडला, त्याचे लावण्य मला अजून पुरते सरलेले वाटत नाही. सूत्र त्यांनी साधेच ठेवले. बदलला तो नकाशा. ज्या दोन मापन-केंद्रांच्या नोंदी एकमेकींपासून फार फटकून वागतात ती दूर सारायची, ज्यांच्या नोंदी जोडीने चढतात-उतरतात ती जवळ आणायची. आणि या नव्या पटावर अंतर पुन्हा अर्थपूर्ण होते, एकच सूत्र सर्वत्र लागू पडते! त्यांचे उदाहरण पावसाचे नव्हते, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या नैर्ऋत्य भागातील सौर प्रारणाचे होते. पण आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर ते कल्पनेने उतरवले, तर सेवाग्रामच्या खादीचा विरळ तुकडा तिरका ओढावा तसे आष्टीकडचे चौकोन ताणले जातील, हिंगणघाटकडचे आकसतील, आणि एकही धागा तुटणार नाही.

केंद्रांच्या मधली गावे कुठे ठेवायची, हा प्रश्न तर त्याहून रसाळ. त्यासाठी पातळ धातूचा पत्रा कमीत कमी श्रमात वाकवण्याच्या गणिताचा आधार घेतलेला आहे, म्हणून जिथे मोजमाप कधी झालेच नाही त्या शिवारालाही नव्या पटावर आपली जागा मिळते. मात्र नोंदींच्या प्रत्येक लहरीमागे धावलो तर पत्रा स्वतःवरच दुमडेल, दोन वेगळी गावे एकाच बिंदूवर येतील. तेव्हा ताण थोडा सैल सोडावा लागतो, नोंदींशी थोडीशी तफावत पत्करावी लागते. किती सैल सोडायचा, हे ठरवण्यातच अभ्यासकाच्या हाताची खरी नजाकत दिसते.