मीटरमध्ये न येणारी उष्णता

आज आम्ही एका सरकारी दस्तऐवजाची चिकित्सा करणार आहोत. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे. एखादा ग्रंथ हाती आला, की त्यात काय लिहिलंय याच्याआधी त्यानं काय गृहीत धरलंय हे आम्ही शोधतो. आजचा ग्रंथ म्हणजे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’. आपण त्याला शीतकरण आराखडा म्हणू. आणि तो वाचायचा कुठे, तर इथे, पालघर-बोईसरच्या उन्हाळ्यात बसून.

आधी जगाचा हिशेब पाहू. हवामान तापत चाललं की घरात लागणाऱ्या ऊर्जेचं काय होतं? थंड देशांत या खातेवहीला दोन बाजू असतात. हिवाळा सौम्य झाला की घर ऊबदार ठेवायचं इंधन वाचतं. उन्हाळा वाढला की गारव्याची वीज वाढते. जमा आणि खर्च. आपल्या किनारपट्टीवर जमेची बाजू कोरीच आहे. इथे शेगडी पेटवून घर तापवायची वेळ कधी येतच नाही. त्यामुळे जे काही वाढायचं ते खर्चाच्याच रकान्यात.

आता आराखडा काय सांगतो? २०१७-१८ च्या सुमारास देशातल्या साधारण ८ टक्के घरांत एसी होता. हे प्रमाण २०२७-२८ मध्ये २१ टक्के आणि २०३७-३८ पर्यंत ४० टक्के होईल, असा त्याचा अंदाज आहे. त्याच मुदतीत शीतकरणाला लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी राखायचं उद्दिष्ट आहे. पंखे आणि कूलरही त्यानं मोजले आहेत. काम गंभीरपणे केलेलं आहे, यात शंका नाही.

आमचा आक्षेप एका शब्दावर आहे: मागणी. आराखडा मागणी मोजतो. मराठीत मागणी आणि गरज हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत. मागणी मीटरवर दिसते. गरज दिसेलच असं नाही.

उदाहरण बोईसरचंच घ्या ना. तारापूर एमआयडीसीतला एक कामगार रात्रपाळी करून सकाळी खोलीवर येतो. वर सिमेंटचा पत्रा. त्याची रात्र सुरू होते तेव्हा सूर्य वर चढत असतो. दुपारी दोन वाजता पत्रा तापून खाली उष्णता फेकतो, पंखा तीच तापलेली हवा फिरवतो. किनाऱ्यावरची हवा दमट, घाम वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर शरीराला निववणारी आपली स्वतःची यंत्रणाच बंद पडते. कूलरही इथे कुचकामी, कारण तोही पाणी वाळण्यावरच चालतो. या माणसाची झोप होत नाही, आणि पुन्हा रात्री त्याला यंत्रापुढे उभं राहायचं असतं. त्याच्या मीटरवर काय उमटलं? एका पंख्याची वीज, म्हणजे जेमतेम ७५ वॉट. ऊर्जेच्या भाषेत हा माणूस आदर्श नागरिक ठरतो! त्यानं सोसलेली उष्णता कुठल्याच रकान्यात येत नाही. आराखड्याच्या आकड्यांत तो येईल तो एसी घेईल त्या दिवशी, आणि तेव्हा ‘वाढती मागणी’ म्हणून, म्हणजे एक अडचण म्हणून.

अन्याय करायचा नाही. ‘सर्वांसाठी औष्णिक सुखावह घर’ हे ध्येय त्या आराखड्यात आहे, गरिबांच्या घरांचा उल्लेखही आहे. पण ध्येय आणि नियम यांच्यामध्ये काय होतं ते पाहा. २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’त निवासी इमारतींसाठी उत्तम निकष आहेत. छतातून किती उष्णता आत यावी याला मर्यादा आहे. उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या साधारण एक षष्ठांश असावं, असं ती सांगते. पण ही संहिता लागू होते ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या बांधकामांना. ग्रामीण घरकुल योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं. हाच निकष त्याला लावला तर चार चौरस मीटरांहून थोडी जास्त उघडी जागा द्यावी लागेल. लावायला काय हरकत आहे? ज्यांच्याकडे एसी घ्यायला पैसे आहेत त्यांच्या भिंतींना संहिता आहे, आणि ज्यांच्याकडे भिंतीशिवाय दुसरा आधार नाही त्यांना नाही.

इथे कोणी म्हणेल, “सर, आदिवासींची कुडाची घरं किती गार असायची!” खरं आहे. कारवीच्या काटक्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा गिलावा, वर गवताचं किंवा कौलांचं छप्पर. उष्णता रोखायला हे पत्र्यापेक्षा चांगलंच. पण दरवर्षी लिंपण, पावसात गळणं, उंदीर, आगीची भीती हे सगळं ज्यानं भोगलं, त्याला पक्कं घर हवंसं वाटणं अगदी रास्त आहे. दुसऱ्याच्या घामाचं कौतुक करायचा अधिकार आम्हाला नाही. प्रश्न एवढाच, की पक्कं घर देताना त्या छपराचा गुण हिशेबात का धरला नाही?

एसीवर आमचा राग नाही. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर लावूनच विकायचे, हा नियम चांगला आहे. पण दीड टनाचा एक एसी जोरात चालतो तेव्हा साधारण वीस जुन्या पंख्यांइतकी वीज घेतो, आणि खोलीतली उष्णता बाहेर गल्लीत सोडतो. दाटीच्या वस्तीत ती शेजाऱ्याच्या खिडकीशी जाते. म्हणून एसीच्या आधी छताचा विचार व्हायला हवा. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणलं आणि सरकारी पैशानं बांधलेल्या गरिबांच्या घरांनाही ते लागू केलं. आपल्याकडे धो-धो पावसात चुना धुऊन जाईल, हे मान्य. तर पाऊस सरल्यावर दरवर्षी द्या, पत्र्याखाली दुसरं छत द्या, पडवी द्या. ही काही रॉकेटविद्या नव्हे.

तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९ पासून वीज तयार होऊ लागली. त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. देशाच्या ऊर्जेच्या हिशेबात या तालुक्याचं नाव पुरवठ्याच्या बाजूला ठळक आहे. आमचं म्हणणं इतकंच, की त्याच हिशेबात दुपारी दोन वाजता पत्र्याखाली झोपू पाहणाऱ्या माणसालाही एक रकाना हवा. मीटर नाही, तर त्याच्या खोलीतला तापमापक वाचा. इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.