सेमीलँडमार्क सरकवले, पण कोणाकडे बघून?

कवटीचा आकार मोजायला बसलात की पहिली अडचण लगेच येते. नाकाच्या मुळाशी हाडं जुळतात तो बिंदू प्रत्येक कवटीवर सापडतो. पण कपाळाच्या गुळगुळीत वळणावर कुठला बिंदू कशाशी जुळवायचा? तिथे आपण ठरावीक अंतरावर बिंदू ठेवतो. ती अंतरं आपण लादलेली असतात. म्हणून फ्रेड बुकस्टाइन यांनी १९९७ साली मांडलेली युक्ती वापरायची: या बिंदूंना वक्राच्या दिशेने सरकू द्यायचं.

माझी तक्रार पेपरांतल्या पुढच्या वाक्याबद्दल आहे. 'बेंडिंग एनर्जी कमीत कमी करून सेमीलँडमार्क सरकवले.' बस्स! कशाच्या तुलनेत कमीत कमी? तर नमुन्याच्या सरासरी आकाराच्या. सरासरी काढायची, प्रत्येक कवटीचे बिंदू तिच्याकडे बघून सरकवायचे, मग पुन्हा सरासरी. म्हणजे नमुन्यात कोण बसलंय, यावर प्रत्येक बिंदूची जागा ठरते.

समजा, ६० आधुनिक माणसं आणि ५ निअँडर्थल घेतले. सरासरी अर्थातच आधुनिक माणसाजवळची. निअँडर्थलच्या डोक्यामागचा फुगवटा काही नाहीसा होत नाही, पण त्यावरचे बिंदू आधुनिक कवटीशी फरक कमी दिसेल असे बसतात. आता २० चिंपांझी टाका. सरासरी हलते, आणि ज्यांना हातही लावला नाही त्या पाच कवट्यांचे निर्देशांक बदलतात. स्कॅन तेच!

हा पद्धतीचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. पक्के लँडमार्क भरपूर आणि नमुना एकाच प्रजातीचा असेल, तर फरक सहसा किरकोळ असतो. प्रोक्रस्टीझ अंतराचा निकष लावलात तर मात्र जास्त जपा: तिथे प्रत्येक बिंदू शेजाऱ्याचा विचार न करता सरकतो, आणि फार वेगळ्या आकारांत शेजाऱ्याला ओलांडूनही जाऊ शकतो. अशा वेळी एखादं जीवाश्म 'दोन गटांच्या मधलं' ठरलं, तर त्यात हाड किती आणि सरकवणं किती?

तेव्हा चिंपांझींसह आणि त्यांच्याविना, दोन्ही वेळा चालवून बघा. जीवाश्माचा सर्वांत जवळचा शेजारी बदलला, तर ते पेपरात लिहा, लपवू नका. सरकवल्यानंतर नमुने वगळलेत तर पुन्हा सरकवा. वेगवेगळे सरकवलेले दोन संच कधीच एकत्र करू नका. आणि पुरवणीत मूळ, न सरकवलेले निर्देशांकही द्या. नाहीतर तुमच्या संचात स्वतःची एक कवटी घालू बघणाऱ्याला सगळ्या कवट्या पहिल्यापासून मोजाव्या लागतील.