नाईलकाठचे बिऱ्हाड

देवस्थानच्या महाजनसभेत आमच्या शेजारी बसणाऱ्या एका गृहस्थांच्या चिरंजीवांनी लिहिलेले दीडशे पृष्ठांचे हस्तलिखित गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. चिरंजीव बंगळुरातील एका कंपनीत संगणकाचे काम करतात. कंपनीने 'कोठूनही काम करा' अशी मुभा दिल्यावर ते युगांडा देशातील जिंजा या गावी बिऱ्हाड करून राहिले, त्यास आठ महिने झाले. तेथील वास्तव्याचे हे वर्णन आहे. आम्ही प्रस्तावना लिहावी अशी त्यांच्या वडिलांची इच्छा. प्रस्तावनेत गुणच सांगावयाचे असतात; म्हणून लेखकाची संमती घेऊन आम्ही येथे परीक्षणच करीत आहोत. यातील दोष त्या एकट्या तरुणाचे नव्हेत. परदेशी राहून घरच्या धन्याची चाकरी करणाऱ्या नव्या पिढीच्या बहुतेक लेखनात ते आढळतात.

जिंजा कोठे आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी जेथे बाहेर पडते, त्या मुखाशी, विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेस हे गाव वसले आहे. नदीचा ओघ खडकांवरून उतरत असल्याने १९९६ च्या सुमारास तेथे रबरी तराफ्यांतून खळाळ उतरण्याचा धंदा सुरू झाला, आणि पाठोपाठ उंच मचाणावरून पायांस दोर बांधून उडी घेणे, लहान होड्या हाकणे इत्यादी साहसाचे प्रकार आले. पूर्व आफ्रिकेतील धाडसी सहलींचे हे एक प्रमुख ठाणे गणले जाते.

चिरंजीवांचा दिनक्रम मोठा सोयीचा आहे. तेथील घड्याळ आपल्या घड्याळाच्या अडीच तास मागे. बंगळुरास साडेनऊ वाजले की जिंजात सात. म्हणजे कोंबडे आरवल्यावर कामास बसावे आणि दुपारी साडेतीन-चारला, तिकडचे लोक घरी निघाले की आपणही मोकळे व्हावे. सूर्य सातच्या आसपास मावळतो, तोपर्यंत नदी आपली. हा भाग त्यांनी फार चांगला लिहिला आहे. खळाळात तराफा उलटल्यावर पाण्याखाली जे काही क्षण जातात, त्यांचे वर्णन वाचताना आमचाही श्वास अडकला. भाषा स्वच्छ, विनोद निर्विष, आणि स्वतःच्या भित्रेपणाची कबुली मोकळी. इतके गुण पहिल्याच पुस्तकात थोडे नव्हेत.

तथापि दीडशे पृष्ठे वाचून झाल्यावर आम्ही स्वतःस विचारले, की या गावात चिरंजिवांखेरीज आणखी कोण राहते? उत्तर सापडेना. एक घरमालकीण आहे, ती भाडे घेते. भाड्याच्या मोटारसायकलीवर बसवून नेणारे आहेत, त्यांना तिकडे बोडाबोडा म्हणतात. ते फक्त वळणे घेतात. नदीवर माणूस म्हणून जो दिसतो तो तराफ्याचा वाटाड्या, आणि तोही आज्ञा देण्यापुरता. परगावी राहून पोट भरणे यात नवीन काही नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनेच घराबाहेर पडले होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाचे निमित्त होते. पण त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये झाशीच्या वेढ्यातील माणसे दिसतात, कोण कोठे लपला, कोणाचे काय लुटले गेले हे दिसते. भटजींचा दक्षिणेवरचा डोळा काही मिटला नव्हता. तरी दुसरा डोळा उघडा होता.

गोडसे भटजींचे माप फार मोठे वाटत असेल, तर चिरंजिवांनी स्वतः ज्याचा दाखला दिला त्या जॉन हॅनिंग स्पीकचेच माप लावू. २८ जुलै १८६२ रोजी स्पीक या मुखाशी पोचला. त्याचे प्रवासवर्णन १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्याने काय केले? तेथील लोक ज्या जागेस 'खडक' म्हणत, तिला लंडनच्या भूगोलमंडळाच्या अध्यक्षाचे नाव देऊन 'रिपन धबधबा' करून टाकले. जिंजा या नावाचा अर्थही खडकच. परक्याच्या वस्तूवर आपल्या धन्याचे नाव घालणारा असा हा मनुष्य. पण त्याच पानावर तो मासे उसळताना पाहतो, बुसोगा व बुगांडा या दोन्ही तीरांवरचे कोळी गळ घेऊन खडकाखडकांवर बसलेले पाहतो, वरच्या अंगास चालणारी तर पाहतो, पाण्यावर आणलेली गुरे पाहतो. साम्राज्याच्या सेवकाला जे दिसले ते आमच्या सुशिक्षित तरुणास दिसू नये याचे आम्हांस वाईट वाटले.

याच प्रकरणात चिरंजिवांनी अभिमानाने लिहिले आहे, की नाईलचा उगम आपल्या पुराणांस ठाऊक होता व स्पीकनेही ते मान्य केले. वाचकांपैकी पुष्कळांनी ही गोष्ट कीर्तनात किंवा व्याख्यानात ऐकली असेल. स्पीकने तसे लिहिले हे खरे. झांजीबारच्या ब्रिटिश वकिलातीतील रिग्बी यांनी त्याला एक निबंध व नकाशा दिला होता. तो निबंध फ्रान्सिस विल्फर्ड या लष्करी अधिकाऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस, पुराणांच्या आधारे म्हणून, लिहिला होता. परंतु आपल्या पंडिताने पोथ्यांत फेरफार करून आपणास हवे ते श्लोक पुरविले, अशी कबुली पुढे विल्फर्डनेच दिली. ज्या साक्षीदाराने स्वतःची साक्ष मागे घेतली, त्याचा जबाब आपण अजून वाचून दाखवावा काय? हे पान गाळावे, असे आम्ही त्यांस कळविले आहे. पुराणांचे महत्त्व खोट्या दाखल्याने वाढत नाही.

आता खरा दाखला डोळ्यांसमोर असता ते कसे चुकले ते पाहा. जिंजाच्या मुख्य रस्त्यावर जुन्या पेढ्यांच्या इमारती आहेत; कित्येकांच्या दर्शनी भिंतीवर बांधल्याचे साल आणि बांधणाऱ्या हिंदी व्यापाऱ्याचे नाव कोरलेले आहे. चिरंजिवांनी या रस्त्यास 'जुन्या धाटणीचा, छायाचित्रास अनुकूल' एवढेच म्हटले आहे. हे लोक कोण होते? व्यापारी, कारागीर, साखर पिकविणारे. जवळच काकिरा येथे मुळजीभाई माधवानी यांनी १९३० साली साखरेचा कारखाना उभा केला. आमच्या वडोदऱ्याच्या वाचकांस सांगावयास हवे, की सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९०८ साली निघालेल्या बँक ऑफ बडोदाने परदेशातील पहिल्या शाखा १९५३ साली मोंबासा व कंपाला येथेच उघडल्या. गोव्याचे लोक तर युगांडाच्या सरकारी कचेऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी करीत होते. कंपालात जन्मलेल्या पीटर नाझरेथ या गोमंतकीय लेखकाची 'इन अ ब्राऊन मँटल' ही कादंबरी १९७२ साली निघाली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्माविले. दुकानांच्या किल्ल्या गेल्या, घरे गेली. जप्त मालमत्ता मूळ धन्यांस परत करण्याचा १९८२ चा कायदा पुढे झाला, आणि तीस-तीस वर्षांचे दावे त्यातून निघाले.

चिरंजीव ज्या माडीवर बसून काम करतात ती अशाच एका इमारतीची आहे, हे त्यांनीच पाठविलेल्या छायाचित्रावरून आम्ही ओळखले. भिंतीवरचे नाव त्यांनी वाचले नाही. चपातीत अंड्याची पोळी गुंडाळून विकतात तिला तिकडे 'रोलेक्स' म्हणतात, यावर घड्याळाचा विनोद करून त्यांनी दोन पाने भरली. चपाती हा शब्द नाईलच्या काठी कोणाबरोबर आला असेल, एवढा एक प्रश्न त्यांना पडला नाही. गांधीजींच्या अस्थींचा एक अंश १९४८ साली तेथे नाईलमध्ये विसर्जित झाला. १९९७ मध्ये पंतप्रधान गुजराल यांनी तेथे त्यांच्या अर्धपुतळ्याचे अनावरण केले. पुतळा हस्तलिखितात आहे. तेथे सावली बरी असते म्हणून.

(वकिलाची खोड म्हणून एक सांगतो. पर्यटकाच्या परवान्यावर राहून काम करणे तेथील कायद्यात बसते काय, आणि बारा महिन्यांत १८३ दिवस राहिल्यास करापुरते आपण तेथील रहिवासी ठरतो, याचा विचार चिरंजिवांनी केलेला दिसत नाही. स्वस्त भाडे सांगताना ते रहिवासी असतात आणि कायद्याची वेळ आली की पाहुणे.)

सर्वांत मोठी उणीव मात्र नदीविषयीच आहे. एके ठिकाणी ते लिहितात, की वीज गेल्याने सभा अर्धवट तुटली आणि वरिष्ठांनी कानउघाडणी केली. प्रसंग गमतीने सांगितला आहे. पण जिंजाच्या उशाशी ओवेन फॉल्सचे धरण आहे. १९५४ साली राणी एलिझाबेथच्या हस्ते ते सुरू झाले आणि स्पीकचा रिपन धबधबा त्याच्या पाण्याखाली गेला. खालच्या अंगास बुजागालीचे अडीचशे मेगावॉटचे धरण २०१२ साली, तर इसिंबाचे २०१९ साली झाले. धरणाच्या दारात दिवा विझतो यात जे आहे ते विनोदाच्या पलीकडचे आहे. लेखकाच्या हाती ती गोष्ट आयती आली होती. त्यांनी ती सोडून दिली.

ज्या शांत जलाशयावर ते संध्याकाळी होडी हाकतात, तो बुजागाली धबधब्याच्या माथ्यावर उभा आहे. हा धबधबा बुसोगातील लोकांचे दैवत. बुजागाली नावाची देवता त्या उसळत्या पाण्यात वास करते, आणि ती ज्याच्या अंगात येते तो वृद्ध तिचा रक्षक, अशी परंपरा. धरण बांधणाऱ्या कंपनीने देवतेस अन्यत्र हलविण्याचे विधी करविले. रक्षक वृद्धाने ते मानले नाहीत. तेव्हा विधी दुसऱ्याच्या हातून झाले. २००७ साली जागतिक बँकेच्या तपासणी मंडळापुढे युगांडातील लोकांनी तक्रार नेली, तीत या धबधब्याच्या धार्मिक महत्त्वाचाही मुद्दा होता. टेर्ये ओस्टिगार्ड या नॉर्वेजियन अभ्यासकाने या विषयावर २०१५ साली 'डॅम्ड डिव्हिनिटीज' नावाचा ग्रंथच लिहिला आहे. चिरंजिवांच्या हस्तलिखितात बुजागालीचा उल्लेख सात वेळा येतो. सातही वेळा तो जलाशयाच्या नावापुरता.

हे वाचताना आम्हांस कुर्डी आठवली. साळावली धरणात सांगे तालुक्यातले ते गाव गेले, मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. तेथील कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगड नि दगड उतरवून दुसरीकडे पुन्हा रचले गेले. सोमेश्वराचे देऊळ मात्र पाण्याखाली राहिले आणि दर मे महिन्यात पाणी ओसरले की वर येते. विस्थापित कुर्डीकर त्या दिवसांत तेथे जमतात. चिरंजिवांचे मातुलगृह सांग्यासच आहे. ज्याने लहानपणी चिखलातून वर आलेले देऊळ पाहिले, त्यास नाईलच्या पाण्याखाली काय असेल असे का वाटले नाही?

आपल्याकडे देव हा कायद्याने व्यक्ती आहे. प्रमथनाथ मल्लिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मल्लिक या १९२५ च्या खटल्यात वाद हाच होता, की कुटुंबातील एकाने मूर्ती दुसऱ्या घरी न्यावी की नाही. प्रिव्ही कौन्सिलने म्हटले, की स्थानाविषयी मूर्तीची इच्छा मानली पाहिजे आणि तिच्या वतीने बोलण्यास निःस्वार्थी असा कोणी उभा केला पाहिजे. बुजागालीच्या वतीने तो वृद्ध बोलत होता, पण त्याचा मुखत्यारपणाच नाकबूल झाला. मूर्ती उचलता येते, देऊळ उतरवता येते. पण ज्या देवतेचे देऊळ म्हणजे खुद्द पाण्याचा खळाळ, तिला न्यावयाचे कशात? या प्रश्नास आमच्या कायद्याच्या पुस्तकांत उत्तर नाही. बुजागालीच्या मोबदल्यात खालचा कलगला धबधबा राखून ठेवू, अशी हमी युगांडा सरकारने जागतिक बँकेस दिली होती; इसिंबाच्या धरणानंतर त्या हमीविषयी पुन्हा वाद उठला. याच उरलेल्या खळाळांवर चिरंजिवांचे तराफे आज चालतात. त्यांच्या आनंदालाही तारीख लागलेली आहे, हे त्यांना ठाऊक असते तर ती पाने किती वेगळी झाली असती!

आम्ही हस्तलिखित परत पाठवून वडिलांस कळविले, की प्रस्तावना तूर्त नको. गृहस्थ थोडे नाराज झाले. चिरंजिवांचे उत्तर मात्र गेल्या आठवड्यात आले. पुराणांचे पान काढून टाकले आहे. माडीच्या भिंतीवरचा चुना पडला असून नाव वाचता येत नाही, १९२८ हे साल तेवढे दिसते. घरमालकीण म्हणाली, समोरच्या म्हाताऱ्या शिंप्यास विचारा, तो त्या पेढीवर पोरवयात कामास होता. शिंपी रविवारी भेटतो. ते जाणार आहेत.